ऐन हंगामात होस्टिंगवाल्याने साइट बंद केली. ते 'वापराचे नियम' कुणी वाचलेत का?

देवगड_पाच_डझन · शनिवार, रात्री १०:४२

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

देवगडजवळ आमची बाग आहे. वाशीला माल पाठवून दलालाच्या पट्टीची वाट बघत बसण्यापेक्षा थेट गिऱ्हाइकाला पेटी द्यावी म्हणून चार वर्षांपूर्वी साइट केली. भाच्याने करून दिली. शेअर्ड होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला भाड्याची सामाईक जागा, वर्षाला अडीच हजाराच्या आत, वर ठळक अक्षरात 'अनलिमिटेड'.

काल दुपारी काढणी चालू होती. मी झाडाखाली झेल्यातला माल मोजून घेतोय आणि पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन: "अहो, तुमच्या साइटवर खातं निलंबित की काय ते दिसतंय. धंदा बंद केलात की काय?" मोबाइलवर बघतो तर खरंच. ईमेलही त्याच डोमेनवर, म्हणजे साइटच्याच नावावर, त्यामुळे तोही बंद. शेवटी घरच्या जीमेलवर कंपनीचं पत्र सापडलं: 'स्वीकारार्ह वापर धोरणाचा भंग झाल्याने सेवा थांबवण्यात आली आहे.' खाली कलमांचे दोन आकडे. एक घाऊक ईमेलबद्दल, दुसरं 'घातक मजकूर' ठेवल्याबद्दल.

ईमेल पाठवली हे खरं. बुधवारी रात्री ३,८०० जणांना 'पहिली काढणी आली' म्हणून कळवलं. पण घातक मजकूर? माझ्या साइटवर आंबे आहेत, आमचा कुत्रा आहे आणि आजोबांचा बागेतला एक फोटो आहे. यातलं घातक काय?

अक्षय्य तृतीया दहा दिवसांवर आलीय. असं न कळवता बंद करता येतं का? आणि हे नियम कुणी वाचतं तरी का?

वाकडा_माड · शनिवार, रात्री १०:५५

कुणी वाचत नाही आणि कुणी वाचावेत अशी त्यांचीही इच्छा नसते. 'मान्य आहे' वर टिचकी मारली की झालं. लहान माणसाला चिरडायचं हत्यार आहे ते. नवीन होस्टिंग घ्या, बॅकअप चढवा आणि त्यांच्या नावाने सगळीकडे लिहा.

खाडीपलीकडचा · शनिवार, रात्री ११:२०

देवगडकर, माड यांचं ऐकून बॅकअप चढवू नका. निदान आज तरी नको.

गाव राजापूर, पण पुण्यात एका होस्टिंग कंपनीच्या तक्रार विभागात सहा वर्षं काढली आहेत. अशी पत्रं पाठवणारा मीच होतो म्हणा ना. आधी तीन गोष्टी सांगा. ते ३,८०० पत्ते कुठून जमवले? ऑर्डर घ्यायचं प्लगिन, म्हणजे साइटला जोडायचा तयार प्रोग्राम, विकत घेतलंय की कुठून 'मिळवलंय'? आणि त्यांच्याकडे तिकीट, म्हणजे लेखी तक्रार, टाकून फाइलींची यादी मागितली का?

घाबरू नका. बहुतेक वेळा सामान आत जागेवर असतं, फक्त दाराला कुलूप लावलेलं असतं.

देवगड_पाच_डझन · शनिवार, रात्री ११:४८

खरं सांगतो. २,६०० पत्ते आमचे स्वतःचे, चार हंगामांतले. बाकीचे एका मित्राचे. तो मुंबईत आंबा महोत्सवात स्टॉल लावायचा, त्याच्या वहीत लोकांनी लिहिलेले. यंदा त्याने धंदा सोडला, म्हणाला तुला घे.

प्लगिनचं भाच्याला विचारलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, टेलिग्रामवर मिळालं होतं.

तिकीट टाकलंय.

कोकणकन्या_वेटिंग_४२ · शनिवार, रात्री ११:५१

"टेलिग्रामवर मिळालं होतं." हाहा. चहा टाकते, धागा लांबणार.

खाडीपलीकडचा · रविवार, सकाळी ७:३०

आता सावकाश लिहितो. तुमच्याकडे दोन वेगवेगळे घोळ आहेत, ते एकात एक मिसळू नका.

पहिला ईमेलचा. शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका सर्व्हरवर शेकडो साइटी आणि ईमेल पाठवायला बहुधा सगळ्यांचा मिळून एकच आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा घर नंबर. वाडीतली सामाईक विहीरच समजा. किती कळश्या नेल्या यावरून सहसा कुणी भांडत नाही, पण काठावर बसून कपडे धुतले की सगळी वाडी गोळा होते, कारण ते पाणी सगळ्यांच्या घरात जातं. तुमच्या मित्राच्या वहीतल्या माणसाने पत्ता त्याला दिला होता, तुम्हाला नाही. त्याला तुमचं नावही माहीत नाही. तो 'स्पॅम' बटण दाबतो. अशी बटणं पुरेशी दाबली गेली की तो आयपी स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत जाऊ शकतो. मग त्याच सर्व्हरवरच्या डॉक्टरांचे रिपोर्ट आणि शाळेच्या नोटिसाही लोकांपर्यंत पोचत नाहीत. फोन आम्हाला येतात, तुम्हाला नाही.

किती बटणं पुरतात? फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केले. दिवसाला ५,००० च्या वर ईमेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (ईमेल खरंच त्याच डोमेनवरून आली हे पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही हवेत आणि एका टिचकीत यादीतून बाहेर पडायची सोय द्यावी लागते. तुम्ही ५,००० च्या खाली आहात, पण एसपीएफ किंवा डीकेआयएम पैकी एक तुम्हालाही लागतंच. आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवा म्हणतात. म्हणजे हजारात तीन. तुमच्या ३,८०० मध्ये ढोबळमानाने बारा माणसं चिडली की रेघ ओलांडली. वहीतल्या बाराशेंपैकी बाराजण चिडायला कितीसा वेळ लागतो?

दुसरा घोळ प्लगिनचा, आणि साइट बंद पडली ती बहुधा त्यामुळेच. विकतचं प्लगिन कुणी फुकट वाटतो तेव्हा तो दानधर्म करत नसतो. आत एक चोरदरवाजा ठेवलेला असतो. वर्ष-सहा महिने काहीच होत नाही. मग एक दिवस त्या दारातून कुणीतरी येतो आणि तुमच्या साइटच्या पोटात एखाद्या बँकेच्या लॉगिनसारखं दिसणारं पान ठेवून जातो. आंबे घ्यायला येणाऱ्याला ते कुठेच दिसत नाही. ज्याला मोबाइलवर 'तुमचं केवायसी संपलं' असा मेसेज येतो त्यालाच दिसतं, आणि तो तिथे पासवर्ड टाकतो.

म्हणून या कलमाखाली आम्ही कधी चोवीस तासांची मुदत दिली नाही. साइट सर्व्हरचा सीपीयू खातेय, जागा जास्त झालीय, अशा कारणांना आधी ताकीद जाते, तशी द्यायलाच हवी. पण खोटं बँकेचं पान सापडलं की आधी कुलूप, मग पत्र. दर तासाला कुणाचे तरी पैसे जात असतात.

सुरंगी · रविवार, सकाळी ९:०५

विहिरीचं पटलं. आमच्याकडे पंप लावण्यावरून अशीच भांडणं होतात.

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे, पण विचारते. गुहागर तालुक्यात आमचं न्याहारी निवास आहे, पाच खोल्या. नेट घरगुती योजनेचं, पासवर्ड रिसेप्शनच्या भिंतीवर लिहून ठेवलाय. गेल्या महिन्यात नेटवाल्याचा माणूस बिल घ्यायला आला, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "काकू, घरगुती प्लॅनवर लॉजिंग चालवता, हे नियमात बसत नाही." मला वाटलं मोठा प्लॅन गळ्यात मारायला बघतोय. खरंच असं असतं का?

जुना_मोडेम · रविवार, सकाळी १०:१५

सुरंगीताई, असतं. बहुतेक घरगुती योजनांच्या अटींत 'पुनर्विक्री नाही' आणि 'फक्त घरच्या वापरासाठी' असं असतंच. पाहुण्यांकडून वेगळे पैसे घेत नसाल तर पुनर्विक्री म्हणता येणार नाही, पण धंद्यासाठी वापर मात्र नक्की आहे. सरळ मार्ग हवा असेल तर डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना बघा. चहाच्या टपरीवालासुद्धा सार्वजनिक वायफाय देऊ शकतो, त्याला स्वतःला परवाना लागत नाही की नोंदणीची फी. वापरणाऱ्याची ओळख ॲपमधून नोंदली जाते.

मी दूरसंचार खात्यात उभी हयात घालवली, म्हणून एक आठवण. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे जनतेसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा शेल खात्यात नुसती अक्षरं दिसायची, आणि नियम विचाराल तर नेटवरून फोन करायला बंदी. दुबईतल्या मुलाशी नेटवरून बोललं तर आईवडील नियमभंग करत होते! १ एप्रिल २००२ पासून ती परवानगी मिळाली. तिकडे अमेरिकेत तर एनएसएफनेट या मुख्य जाळ्यावर धंद्यासाठी वापरच निषिद्ध होता, शिक्षण आणि संशोधनासाठीच. एप्रिल १९९५ मध्ये ते जाळं बंद झालं तेव्हा तो नियमही गेला. आणि घाऊक ईमेल म्हणाल तर देवगडकर काही पहिले नव्हेत. ३ मे १९७८ ला एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर, सुमारे चारशे जणांना नव्या मशीनची जाहिरात पाठवली होती. त्यालाही बोलणी खावी लागली होती.

बावनदी · रविवार, दुपारी १२:४०

रत्नागिरीत वकिली करते. सुरंगीताईंच्या भिंतीवरच्या पासवर्डाबद्दल आधी.

जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला होता. तो निघाला नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून. घरातल्या माणसाचा काही संबंध नव्हता, पण पोलिस आधी त्याच्याच दारात. त्यानंतर सार्वजनिक वायफायवर ओळख पटवून घेण्याचे निर्देश दूरसंचार विभागाने काढले. तेव्हा ताई, तो माणूस प्लॅन विकायला आला असेलही, पण पासवर्ड भिंतीवरून उतरवा. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करा, दर आठवड्याला पासवर्ड बदला. नाहीतरी आधार किंवा पासपोर्टची प्रत आणि रजिस्टर तुम्ही ठेवताच.

आता मूळ प्रश्न, असं बंद करता येतं का. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये होस्टिंग आणि नेट पुरवणाऱ्यांना 'मध्यस्थ' म्हटलंय. कलम ७९ प्रमाणे दुसऱ्याने ठेवलेल्या मजकुराबद्दल त्यांना जबाबदार धरायचं नाही, पण त्यासाठी त्यांनी योग्य ती काळजी घेतलेली असली पाहिजे. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी सूचना आली की मजकूर काढायची जबाबदारी येते. कुणाही सोम्यागोम्याच्या पत्राने नाही. बरेच लोक इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, आदेशाशिवाय बंद करता येत नाही. तसं नाही. कायदा त्यांना भाग पाडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही करारात मान्य केलेल्या नियमाखाली ते स्वतःहून बंद करू शकतात.

२०२१ च्या नियमांनुसार त्यांनी हे वापराचे नियम जाहीर करायचे असतात, आणि भंग केलात तर सेवा बंद होऊ शकते याची वेळोवेळी आठवणही द्यायची असते. ते ईमेल आपण सगळे न उघडता पुसतो. तक्रार अधिकाऱ्याचं नावही जाहीर करावं लागतं. तिकिटाला उत्तर आलं नाही तर त्याच्याकडे लिहा.

वाकडा_माड · रविवार, दुपारी १:१०

म्हणजे शेवटी कंपनीचंच खरं! करारात लिहितात 'आमच्या मर्जीनुसार कधीही बदल करू', 'वाद झाल्यास अमुक शहराच्या न्यायालयात'. देवगडचा माणूस अडीच हजारासाठी त्या शहरात जाणार का? आणि 'अनलिमिटेड' म्हणून विकायचं आणि आत मर्यादा घालायच्या, याला काय म्हणायचं?

कोकणकन्या_वेटिंग_४२ · रविवार, दुपारी १:२५

याला अनलिमिटेड थाळी म्हणायचं. आमच्या गावच्या खानावळीत पाटी आहे: 'एका थाळीत दोघांनी जेवू नये. पार्सल मिळणार नाही.' तुम्ही सोलकढी पाच वाट्या प्या, मालक हसत वाढेल. डबा काढलात की गल्ल्यावरून ओरडतो.

खाडीपलीकडचा · रविवार, दुपारी २:००

थाळी अगदी बरोबर. आमच्याकडे डबा काढणारे बहुतेक लग्नाचे फोटोग्राफर असायचे. साइट चार पानांची, आणि आत ड्रोनचे व्हिडिओ साठवलेले, कारण हार्ड डिस्क महाग. नियमात स्पष्ट असतं की जागा साइटसाठी आहे, कोठारासाठी नाही. शिवाय फाइलींच्या संख्येवर मर्यादा असते, त्याला आयनोड मर्यादा म्हणतात. जीबी कितीही म्हणोत, आयनोड मोजून देतात. ही मर्यादा जाहिरातीत कधीच नसते, आणि याबाबतीत माड यांचा राग मला मान्य आहे. नोकरीत असतानाही होता.

बावनदी · रविवार, दुपारी २:२०

माड, त्या 'अमुक शहरा'ने एवढे घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनी म्हणेल, ही धंद्यासाठी घेतलेली सेवा. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी कारण' धरत नाहीत, कायद्यातच तसं स्पष्टीकरण आहे. सेवेच्या बाबतीतही बागायतदाराला त्याचा आधार घेऊन बघता येईल. मात्र खोटं बँकेचं पान तुमच्या साइटवर सापडलेलं असताना आयोगासमोर उभं राहायची घाई मी तरी करणार नाही.

केबलवाला_दादा · रविवार, रात्री ८:४५

हंयसर सगळे होस्टिंगाचाच बोलतत, पण घरच्या नेटाकय ह्येच नियम आसत. मालवणीत लिवलंय तर अर्धे पळतले, म्हणान आता पुस्तकी लिवतंय.

सिंधुदुर्गात आमचं केबल आणि फायबरचं जाळं आहे, मोठ्या कंपनीची लाइन घेऊन घरोघरी देतो. जांभ्यात चर खणणं परवडत नाही, म्हणून फायबर खांबांवरून आणि माडांच्या मधून जाते. पावसाळ्यात फांदी पडली की रात्री शिडी घेऊन निघायचं. तर गेल्या वर्षी जूनमध्ये एका वाडीतून तक्रारी सुरू झाल्या: संध्याकाळी नेट मरतं. मला वाटलं जोडात पाणी गेलं. खांबावर चढलो, मीटर लावला, प्रकाश बरोबर. दुसरा जोड उघडला, तोही कोरडा. चार दिवस असा फिरलो.

मग ऑफिसात बसून एकेका घराचा ट्रॅफिक बघितला. एका घरातून बाहेर जाणारा डेटा रात्रंदिवस ४० एमबीपीएस. आणि ते घर बंद! मालक मुंबईत, गणपतीला आणि मे महिन्यात येतो. त्याच दुपारी वरच्या कंपनीचा फोन: तुमच्या गिऱ्हाइकाच्या पत्त्यावरून हल्ला होतोय, दोन तासांत तोडा, नाहीतर आम्ही तुमची लाइन थांबवू. मालकाला फोन केला. तो म्हणतो, "घराला कुलूप आहे, नेट वापरणार कोण? भूत?"

भूत नव्हतं. खळ्यातली तुळस आणि पुढचं दार मुंबईतून दिसावं म्हणून त्याने चार कॅमेरे लावले होते. त्यासाठी आमच्याकडून स्थिर आयपी घेतला, राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडला. डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, नाव अॅडमिन, पासवर्डही अॅडमिन, डब्यातून निघाला तसाच. कुणीतरी बाहेरून आत शिरून त्या डीव्हीआरला कामाला लावलं होतं. पुढे वाचलं तर २०१६ साली मिराई नावाच्या प्रकाराने जगभर अशाच कॅमेऱ्यांची फौज उभी करून अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइटी बंद पाडल्या होत्या.

मालक महिनाभर माझ्याशी बोलला नाही. नियमात लिहिलंय 'तुमच्या जोडणीवरून जे जाईल त्याला तुम्ही जबाबदार'. तो म्हणतो, मी तर काहीच केलं नाही. खरंच त्याने काही केलं नव्हतं. पण तोडली नसती तर अख्ख्या वाडीचं नेट गेलं असतं, आणि त्यात एका पोराची ऑनलाइन परीक्षा होती. आता नवीन कॅमेरा बसवला की पासवर्ड बदलल्याशिवाय मी शिडी उतरत नाही.

सुरंगी · रविवार, रात्री ९:१०

बापरे. आमच्या अंगणातला कॅमेरा उद्याच बघते. पासवर्ड कुणी टाकलाय तेच माहीत नाही.

देवगड_पाच_डझन · सोमवार, सकाळी ११:३०

तिकिटाचं उत्तर आलं. फाइलींची यादी पाठवलीय. अपलोडचं फोल्डर, दोन वर्षांपूर्वीचा मे महिना: हापूस-पेटी-१ जेपीजी, हापूस-पेटी-२ जेपीजी, आणि त्याखाली हापूस-पेटी-३ पीएचपी, म्हणजे फोटो नव्हे, सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम. फोटोंच्या रांगेत फोटोचंच नाव घेऊन बसलेली. मी या फोल्डरमध्ये दहा वेळा जाऊन आलोय, पण शेवटची तीन अक्षरं कधी वाचली नाहीत. आढी उलगडताना कसं, वरून सगळे आंबे सोनेरी आणि एकाला बोट लावलं की आत जातं, तसं झालं.

खाडीपलीकडचा, तुमचं म्हणणं बरोबर निघालं. चूक माझीही आहे. पण एक तक्रार राहतेच. साइटला कुलूप लावा, ईमेल कशाला बंद? दोन दिवस गिऱ्हाईक विचारतंय आणि मी मुका.

खाडीपलीकडचा · सोमवार, दुपारी १२:१५

ती तक्रार रास्त आहे. चोराने ईमेल खात्यातूनही काही पाठवलंय का हे तपासेपर्यंत तेही बंद ठेवतात, पण चांगली कंपनी तेवढ्यात निदान येणारे ईमेल चालू ठेवते. पुढच्या वेळी ईमेल एकीकडे आणि साइट दुसरीकडे ठेवा. आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच्या आज बघा. बऱ्याच ठिकाणी ते साइट करून देणाऱ्याच्या नावावर असतं आणि भांडण झालं की कळतं. तुमचं भाच्याच्या नावावर असेल तर आंबे देऊन गोड बोलून स्वतःकडे घ्या.

आता करायचं काय, तर ती फाइल काढली म्हणजे झालं असं समजू नका. एक सापडते, तीन लपलेल्या असतात. वर्डप्रेस, म्हणजे ज्यावर साइट चालते ते सॉफ्टवेअर, आणि प्लगिनं नव्याने, मूळ ठिकाणाहून घाला. जुन्या साइटवरून फक्त मजकूर आणि फोटो घ्या, तेही एकेक बघून. अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालूच नये अशी सोय सर्व्हरवर करता येते, सपोर्टला सांगा. सगळे पासवर्ड बदला, भाच्याचाही. मग तिकिटात काय काय केलंत ते चार ओळींत लिहा. आमच्याकडे लोक चार पानं शिव्या लिहायचे. ज्याने काय दुरुस्त केलं ते लिहिलं त्याची साइट आधी सुरू व्हायची, कारण मला वरिष्ठांना दाखवायला काहीतरी मिळायचं.

देवगड_पाच_डझन · मंगळवार, रात्री ९:२०

साइट संध्याकाळी सुरू झाली! डोमेन खरंच भाच्याच्या नावावर होतं, आता माझ्या नावावर करायला टाकलंय. वहीतले बाराशे पत्ते पुसले. प्लगिन विकत घेतलं, पाच हजार गेले, म्हणजे होस्टिंगच्या दुप्पट.

हे सगळं करताना एक गंमत सापडली. आमच्या पेटीच्या फोटोचा शोध घेतला तर तोच फोटो दुसऱ्या एका साइटवर, 'अस्सल देवगड' म्हणून. पेटीवर आमच्या बाबांच्या हातचं मार्किंगसुद्धा दिसतंय! त्यांनी दिलेल्या नंबरवर गिऱ्हाईक बनून फोन केला. माल कुठला विचारलं तर आधी देवगड म्हणाला, मग 'तिकडचाच, जरा खालचा'. आवाजात कर्नाटक ऐकू येत होतं. याला काही करता येतं का?

बावनदी · मंगळवार, रात्री ९:४५

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांसाठी. पण तो रस्ता लांबचा. फोटोचा रस्ता जवळचा. फोटो तुम्ही काढलाय, म्हणजे हक्क तुमचा. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ आणि त्याखालच्या नियमांत सोय आहे: लेखी तक्रार मिळाल्यावर होस्टिंगवाल्याने तो मजकूर ३६ तासांत थांबवायचा. मात्र २१ दिवसांत तुम्ही न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा दाखवू शकतो. तेवढ्यात हंगाम संपतो.

खाडीपलीकडचा · मंगळवार, रात्री १०:०५

आणि पाठवायची कुठे, तर 'अॅब्यूज' नावाच्या पेटीत. १९९७ पासून ठरलेला संकेत आहे की प्रत्येक नेट-होस्टिंगवाल्याने आपल्या डोमेनवर त्या नावाचा ईमेल पत्ता ठेवावा. त्याची साइट कुणाकडे आहे ते डोमेनच्या नोंदीवरून आणि आयपीवरून काढता येईल. पत्र छोटं लिहा. त्याच्या पानाचा दुवा, तुमच्या पानाचा दुवा, फोनमधला मूळ फोटो, त्यात काढल्याची तारीख असते. 'फसवणूक', 'कर्नाटक' असलं काही लिहू नका, तिथे बसलेल्या मुलाला आंब्यातलं काही कळत नाही. फोटो चोरलाय एवढंच त्याला तपासता येतं.

कोकणकन्या_वेटिंग_४२ · मंगळवार, रात्री १०:१२

म्हणजे शनिवारी ज्या नियमांना शिव्या घातल्या तेच आता देवगडकर दुसऱ्यावर लावणार. माड, तुमचं काय मत?

वाकडा_माड · मंगळवार, रात्री १०:२०

कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून विकणाऱ्यावर लावायचे असतील तर माझी काही हरकत नाही.

देवगड_पाच_डझन · शुक्रवार, दुपारी ४:१०

बुधवारी पत्र पाठवलं होतं. आज बघितलं तर त्याचं ते पान उघडतच नाही, 'मजकूर काढण्यात आला आहे' असं येतंय. मघाशी एका अनोळखी नंबरवरून फोन आला, मी उचलला नाही.

ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्यात. यादी साठ-साठच्या गटाने पाठवतोय, खाली 'नको असल्यास इथे टिचकी मारा' घालून. आतापर्यंत नऊजण बाहेर पडले. त्यातले चौघे नात्यातले आहेत.

कोकणकन्या_वेटिंग_४२ · शुक्रवार, दुपारी ४:१५

नातेवाईक फुकट पेटीची वाट बघत असतील. मला पाच डझनी हवी आहे, दादरला. भाव काय लावलात?

देवगड_पाच_डझन · शुक्रवार, दुपारी ४:२२

व्यनि करतो. धाग्यात भाव लिहिणं म्हणजे जाहिरात होते, इथल्या नियमांत कलम सहा. काल रात्री बसून सगळे वाचले.